ना. सं. इनामदार कपाट: प्रकल्प नोंदी

4 ऑगस्ट 2024

वाचनालयाच्या आजच्या बैठकीत ठराव झाला. नागनाथ संतराम इनामदारांच्या ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या आपल्याकडच्या सगळ्या प्रती दुरुस्त करायच्या, त्यांना एक वेगळं कपाट द्यायचं, आणि 23 नोव्हेंबरला, त्यांच्या जन्मदिवशी, ते वाचकांसाठी उघडायचं. शेजारी वाचकांच्या प्रतिक्रियांचं छोटंसं प्रदर्शन. जबाबदारी माझ्याकडे आली, कारण बैठकीत जो बोलतो त्याच्याच गळ्यात काम पडतं.

खरं म्हणजे हे गेल्या वर्षीच व्हायला हवं होतं. 1923 चा जन्म, म्हणजे 2023 ला शताब्दी झाली. ठराव तेव्हाही झाला होता, पण पावसाळ्यात छत गळायला लागलं आणि पैसे पत्र्यात गेले.

आपण सातारा जिल्ह्यातले. इनामदारांचं जन्मगाव गोरेगाव, खटाव तालुका. म्हणजे "आपला माणूस" म्हणून हार घालायला सगळे तयार आहेत. पण मला हाराचा कार्यक्रम नकोय. या लेखकाला वाचकांनी इतकी वर्षं का उचलून धरलं, ते आपल्याच काउंटरवरच्या पुराव्यातून दिसलं पाहिजे. पुरावा आहे. तो पाठ सुटलेल्या अवस्थेत मागच्या खोलीत पडला आहे.

9 ऑगस्ट

ग्रंथपाल ताई आणि मी मिळून सगळ्या प्रती टेबलावर काढल्या. *झेप*, *झुंज*, *मंत्रावेगळा*, *राऊ*, *शहेनशहा*, *शिकस्त*, *राजेश्री*. काहींच्या दोन, काहींच्या तीन प्रती. दाखल नोंदवहीशी ताळा घेतला. *झेप*ची एक प्रत "बाद" म्हणून नोंदलेली होती, ती निघाली रद्दीच्या गठ्ठ्यात. बरं झालं, गठ्ठा उचलायला कुणी आलं नव्हतं.

अवस्था थोडक्यात:

*झेप*: ही त्यांची 1963 ची कादंबरी. दोन्ही प्रती खिळखिळ्या, एकीची सुरुवातीची पानं गायब.

*झुंज*: कव्हर नाही, पण आतली शिवण शाबूत. जुनं काम पक्कं होतं.

*राऊ*: तीन प्रती, तिन्ही वेगळ्या आवृत्त्या. नव्या प्रतीला शिवण नाही, नुसता गोंद. एवढी जाड कादंबरी गोंदावर कशी तगणार? बरोबर मध्यात उकलली आहे.

*मंत्रावेगळा*: कुणीतरी प्रेमानं सेलोटेप लावून ठेवली आहे. टेप पिवळी पडून गळून गेली, डिंकाचे तपकिरी पट्टे मात्र अक्षरांवर कायमचे बसले.

*शहेनशहा*: कसर लागली आहे. पानांच्या कडेला बारीक नक्षी.

*शिकस्त*: वरून ठणठणीत. उघडल्यावर कळतं की खालचा कोपरा बोट ओलं करून पान उलटण्यानं काळपट आणि मऊ झाला आहे, आणि तोही पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा. म्हणजे ज्यांनी हातात घेतली त्यांनी पूर्ण केली. बाकीच्या कादंबऱ्यांत हा काळेपणा मध्येच कुठेतरी फिका होत जातो. खुद्द *राऊ*तसुद्धा.

*मंत्रावेगळा*तली एक गोष्ट लगेच नोंदवून ठेवते. कादंबरी दुसऱ्या बाजीरावावर. खडकीच्या लढाईच्या आसपासच्या पानावर समासात पेन्सिलीनं एकच शब्द: "पळपुटा". त्याखाली निळ्या शाईत, वेगळ्या अक्षरात: "नोव्हेंबर 1817 ते जून 1818 इंग्रजांच्या हाती लागला नाही, हे कोण सांगणार?" त्याखाली पुन्हा पेन्सिल: "म्हणजेच पळत होता." आणि सगळ्यात खाली लाल शाईत, आमच्या आधीच्या ग्रंथपालांचं अक्षर: "पुस्तकात लिहू नये." सोबत वाचनालयाचा शिक्का.

ताई म्हणाल्या, खोडरबर आणू का. मी नको म्हटलं. हेच पान प्रदर्शनात उघडं ठेवायचं. समासातल्या त्या तिघांनीही, लाल शाईवाल्यासकट, पुस्तक मन लावून वाचलं होतं.

18 ऑगस्ट

बाइंडर काकांकडे गेले. बाजारपेठेच्या मागच्या बोळात त्यांचं दुकान. आता बहुतेक काम लग्नाच्या अल्बमांचं आणि ग्रामपंचायतीच्या दप्तरांचं.

काकांनी एकेक पुस्तक हातात घेऊन पाठ वाकवून पाहिली. कामाची रीत ठरली. आधी पाठीवरचा जुना सरस ओला करून खरवडायचा. फॉर्मे, म्हणजे घडी घालून शिवलेले पानांचे जुडगे, सुटे करायचे. कडा फाटलेल्या फॉर्म्यांना आतून पातळ कागदाची पट्टी. मग दोऱ्यानं पुन्हा शिवण, पाठीला मांजरपाट, दाबात रात्रभर, आणि शेवटी पुठ्ठा. खळ मैद्याची, आणि तिच्यात मोरचूद, म्हणजे पुन्हा कसर लागत नाही. *राऊ*ची गोंदवाली प्रत फॉर्म्यात नाहीच, सुट्टी पानं आहेत, तिला बाजूनं भोकं पाडून शिवावं लागेल. ती पूर्ण सपाट उघडणार नाही. चालेल.

टेपचे डाग निघणार नाहीत म्हणाले. "काढायला गेलो तर अक्षरंच निघतील."

काका स्वतः वाचक आहेत, पण त्यांची तऱ्हा न्यारी. फॉर्मे सुटे झाले की मांडीवर जो येईल तो फॉर्मा वाचायचा. त्यामुळे त्यांना कादंबऱ्या मधूनमधून ठाऊक आहेत, क्रमानं एकही नाही. *झुंज*मधला हडपसरचा रणसंग्राम त्यांना पाठ आहे, पण यशवंतराव होळकर पुण्यावर चालून का आला ते माहीत नव्हतं. मी सांगितलं: भाऊ विठोजीला पुण्यात हत्तीच्या पायी दिलं, म्हणून. काका थोडा वेळ गप्प. मग म्हणाले, "तो फॉर्मा माझ्याकडं आला नव्हता."

1 सप्टेंबर

काउंटरवर कोरी कार्डं आणि पेटी ठेवली. कार्डावर छापलं: "ना. सं. इनामदार यांच्या कादंबऱ्यांविषयी आपला अभिप्राय लिहा."

8 सप्टेंबर

काल गणपती बसले. पेटी उघडली. अभिप्राय आले, पण सगळे एकाच साच्यातले. "अप्रतिम." "ओघवती भाषा." "इतिहास जिवंत केला." "प्रत्येकाने वाचावे असे लेखन." एकानं "5 पैकी 5" लिहून खाली चांदण्या काढल्या आहेत.

खोटं कुणीच लिहिलेलं नाही. पण हीच कार्डं दुसऱ्या कुठल्याही लेखकाच्या नावाखाली लावली तरी खपून जातील. आपण अभिप्राय मागितला की मराठी माणूस एकदम सत्काराच्या भाषेत शिरतो.

प्रश्न बदलला. नव्या कार्डावर एवढंच: "कुठल्या प्रसंगाशी थांबलात? का?"

22 सप्टेंबर

प्रश्न बदलल्याचा गुण आला. गणपतीत येणं-जाणं होतं, बाहेरगावची माणसंही कार्डं भरून गेली. काही इथे उतरवते.

मालवाहतुकीचा ट्रक चालवणाऱ्या एका सभासदाचं कार्ड *झुंज*वर आहे. त्याला लढाया आठवत नाहीत, अंतरं आठवतात. यशवंतरावाची फौज माळव्यातून दक्षिणेत कुठल्या वाटेनं उतरली असेल याचा तो अंदाज बांधतो, कारण इंदूरपासून पुण्यापर्यंतचा रस्ता त्याच्या पायाखालचा आहे. लिहितो: "आम्हाला डिझेल टाकून जो घाट जड जातो तिथून तोफा ओढल्या. लेखकानं तो घाम लिहिलाय." दुसऱ्या एका कार्डावर तरुण मुलाचं अक्षर. तो धनगर समाजातला आहे असं त्यानं स्वतःच लिहिलंय. शाळेच्या पुस्तकात यशवंतराव "पुणे लुटणारा" म्हणून एका ओळीत भेटला होता, *झुंज* वाचल्यावर तो खेड तालुक्यात वाफगावला जाऊन होळकरांचा किल्ला बघून आला. आता बहिणीला घेऊन जाणार आहे.

इंदूरहून एका बाईंचा आवाजातला निरोप आला, ताईंच्या नात्यातल्या. तिकडच्या मराठी घरात वाढलेल्या. त्यांचं म्हणणं, इंदूरमध्ये होळकर म्हटलं की आधी अहिल्याबाई आणि मग एकदम राजवाडा; मधला यशवंतराव त्यांना वडिलांनी आणलेल्या कादंबरीत सापडला. मग त्या भानपुऱ्याला गेल्या. इंग्रजांशी लढण्यासाठी तोफा ओतायचा कारखाना त्यानं तिथंच काढला होता, आणि 1811 मध्ये तिथंच त्याचा अंत झाला. त्याच्या छत्रीजवळ, म्हणजे समाधीजवळ, उभ्या राहून त्यांनी वडिलांना फोन लावला. पुढे त्या काय बोलल्या ते रेकॉर्डिंगमध्ये नीट ऐकू येत नाही, मागे लाऊडस्पीकर आहे.

*झेप*वरची कार्डं कमी आली, पण जी आली ती तावातावानं लिहिलेली. त्रिंबकजी डेंगळे या माणसाबद्दल आमच्या पिढीला शाळेत काय शिकवलं? दुसऱ्या बाजीरावाचा वाईट सल्लागार, आणि बडोद्याच्या गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांच्या खुनाचा सूत्रधार. बास. 1815 साली पंढरपुरात खून झाला, इंग्रजांनी त्रिंबकजी मागून घेतला आणि ठाण्याच्या किल्ल्यात टाकला. पुढच्या वर्षी तो तिथून निसटला. एका वाचकानं लिहिलंय की तो तुरुंगाचा भाग त्यानं एसटीत वाचला आणि स्टॉप चुकला. एका बाईंनी लिहिलंय, "खून त्यानं केला की नाही ते मला अजून कळलेलं नाही. पण आता मी घाईनं हो म्हणत नाही."

हे कार्ड मी वेगळं काढलं. माझ्या डोक्यात घोळत होतं ते हेच. इनामदारांनी माणसं निवडली ती बघा: त्रिंबकजी, यशवंतराव, दुसरा बाजीराव, औरंगजेब. बहुतेक शाळेच्या पुस्तकात एका विशेषणात निकालात निघालेले. *राऊ*तला थोरला बाजीराव पराक्रमात कमी नव्हता, पण मस्तानीपायी घरच्यांच्या आणि पुण्याच्या नजरेतून उतरलेला. वाचकांना या लेखकाबद्दल जी कृतज्ञता वाटते ती बरीचशी इथं आहे. फेरतपासणीला कुणीतरी उभा राहिला याची. मग निकाल काय लागतो यावर ते भांडोत.

3 ऑक्टोबर

घटस्थापना. संध्याकाळी बातमी आली की मराठीला अभिजात दर्जा मिळाला. वाचनालयात पेढे वाटले. कार्यवाहांनी छोटं भाषण केलं. पंखा बंद होता, कारण वायरिंगचं काम तसंच पडून आहे.

आज *शिकस्त*बद्दल.

आमच्या एक जुन्या सभासद आहेत, सत्तरीच्या पुढच्या. त्यांनी कार्ड भरलं नाही, काउंटरशी उभं राहून ताईंना सांगितलं आणि "तुम्ही लिहा" म्हणाल्या. *शिकस्त* ही सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंची कथा. 14 जानेवारी 1761 ला पानिपतावर भाऊ पडले असं सगळे धरून चालले, पार्वतीबाईंनी ते मानलंच नाही. सौभाग्याची लेणी उतरवली नाहीत. पुढे भाऊ म्हणवणारा एक तोतया उभा राहिला, चौकशा झाल्या, 1776 साली त्याला मारलं. बाईंचा विश्वास मात्र त्याच्याही पलीकडचा होता.

सभासद बाई म्हणाल्या, "पार्वतीबाईंचं मला पटलं. बघितल्याशिवाय कसं पुसायचं?"

गावात सगळ्यांना माहीत आहे. त्यांचे यजमान गिरणीच्या संपाच्या काळात मुंबईत होते, तिथून परतले नाहीत. पत्र नाही, निरोप नाही, कुणी पाहिल्याचंही नाही. बाई आजही कुंकू लावतात. पूर्वी हळदीकुंकवाला काही घरं बोलवत, काही टाळत. ताईंनी त्यांचं वाक्य जसंच्या तसं कार्डावर उतरवलं. नाव घालू का विचारलं तर "नको, कळतंय की" म्हणाल्या आणि दुसरं पुस्तक घेऊन गेल्या. स्वयंपाकाचं.

*शिकस्त*चे कोपरे शेवटच्या पानापर्यंत का काळे झालेत, त्यातलं एक उत्तर मिळालं.

16 ऑक्टोबर

आज इनामदारांचा स्मृतिदिन, 2002 चा. फोटोला हार घातला, तेवढंच.

अडचण मात्र मोठी उभी राहिली. काल विधानसभा निवडणूक जाहीर झाली: मतदान 20 नोव्हेंबरला, मतमोजणी 23 ला. नेमकी आपली तारीख! त्या दिवशी तालुक्यात कुणाला कादंबरी सुचणार आहे? फटाके, गुलाल, मिरवणुका. दिवस बदलला, 24 नोव्हेंबर, रविवार.

आचारसंहितेचा एक फायदा झाला. उद्घाटक म्हणून ज्यांचं नाव आग्रहानं पुढं येत होतं त्यांना आता बोलावता येत नाही. उद्घाटन वाचकच करतील. मी बैठकीत चेहरा गंभीर ठेवला.

परिचय फलकाचा मजकूर पक्का करत होतो. 1997 च्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते, अहमदनगरला. त्या जिल्ह्याचं नाव नुकतंच अहिल्यानगर झालं. फलकावर काय लिहायचं यावर अर्धा तास गेला. शेवटी "अहमदनगर (आताचे अहिल्यानगर)" असं ठरलं.

27 ऑक्टोबर

इतिहासाचे निवृत्त सर आज तासभर बसले. त्यांना हा सगळा उपक्रमच मंजूर नाही. त्यांचा मुद्दा जुनाच आहे आणि हसण्यावारी नेण्यासारखा नाही: लोक कादंबरी वाचतात आणि इतिहास वाचला असं समजतात. संवाद लेखकाचे, मनातले विचार लेखकाचे, आणि मग तेच संवाद व्याख्यानात "बाजीराव म्हणाले होते" म्हणून ठोकले जातात.

मी म्हटलं, सर, मग प्रत्येक कादंबरीशेजारी इतिहासाचं एक कार्ड लावू. कागदपत्रांत जे आहे तेवढंच. तुम्ही तपासा.

सर तयार झाले आणि मग सुटलेच नाहीत. दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी केलेला वसईचा तह: 31 डिसेंबर 1802. हडपसरची लढाई: 25 ऑक्टोबर 1802, ऐन दिवाळीत. "ऐन दिवाळी" राहू द्या म्हणाले, ते खरं आहे. शनिवारवाड्यावर इंग्रजांचं निशाण: 17 नोव्हेंबर 1817. अष्टीच्या लढाईत पेशव्यांचे सेनापती बापू गोखले पडले: 20 फेब्रुवारी 1818. बाजीराव जून 1818 मध्ये माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वाधीन झाला, वर्षाला आठ लाखांची नेमणूक घेऊन कानपूरजवळ ब्रह्मावर्ताला गेला, आणि तिथं 1851 पर्यंत जगला. इथं सरांनी चष्मा काढला. "गादी गेल्यावर तेहतीस वर्षं. पाठ्यपुस्तकात या तेहतीस वर्षांना एक ओळ असते." मी त्यांच्याकडे पाहत राहिले. हेच तर *मंत्रावेगळा*चे वाचक म्हणतात, असं म्हणायचं तोंडावर आलं होतं, पण कार्डं पुरी व्हायची होती.

त्रिंबकजीच्या कार्डावर खडाजंगी झाली. ठाण्याहून सुटकेची ती प्रसिद्ध कथा: खिडकीखाली घोड्याला खरारा करणारा मोतद्दार गाणं म्हणत असे आणि गाण्यातूनच सुटकेचा बेत आत पोचला, पहाऱ्यावरच्या गोऱ्या शिपायांना मराठी कळत नव्हतं. सर म्हणाले, ही कथा बिशप हेबर या इंग्रज धर्मगुरूच्या प्रवासवर्णनात आहे, त्याला ती कुणीतरी सांगितली. तेव्हा "असे सांगतात" हे शब्द हवेत. मान्य. त्याच हेबरनं चुनारच्या किल्ल्यात कैदेत असलेला त्रिंबकजी पाहिला होता, तेही घातलं. 1829 ला तो त्या कैदेतच वारला.

जाताना मी सरांपुढे अभिप्रायाचं कार्ड सरकवलं. त्यांनी लिहिलं: "भाषा उत्तम. बाकी वाद तोंडी." सही केली.

10 नोव्हेंबर

दिवाळीनंतरची पहिली बैठक. पोस्टरवरून वाद झाला.

*राऊ*वर आधारलेला हिंदी चित्रपट 2015 च्या डिसेंबरात आला. तरुण सभासदांचं म्हणणं, त्याचं मोठं पोस्टर दारात लावू, गर्दी होईल. गर्दी होईल यात शंका नाही. पण मग आत आलेला माणूस नट-नटीबद्दल बोलणार आणि पुस्तकं बघून "हो का, यावर होता का तो" म्हणणार.

मी *राऊ*च्या एका प्रतीची तारखांची चिठ्ठी टेबलावर ठेवली. सुरुवातीला शिक्के दाटीवाटीनं. मग विरळ होत जातात, एका ठिकाणी तर दोन वर्षांची उडी आहे. जानेवारी 2016 पासून पुन्हा एकाखाली एक शिक्के, जागा संपली म्हणून खाली दुसरी चिठ्ठी चिकटवलेली. चित्रपटानं वाचक आणले, हे चिठ्ठीच सांगते. त्याबद्दल चित्रपटाचे आभार मानायला माझी हरकत नाही. तेव्हा पोस्टर नाही, चिठ्ठी मोठी करून लावायची, आणि त्या उडीखाली बारीक अक्षरात चित्रपटाची तारीख. तरुण मंडळींना हे पोस्टरपेक्षा आवडलं. एकीनं लगेच सगळ्या कादंबऱ्यांच्या चिठ्ठ्यांचे फोटो काढायला घेतले.

*राऊ*च्या कार्डांत एक गंमत आहे. बायका काशीबाईंवर लिहितात, पुरुष मस्तानीवर, आणि पोरं पालखेडच्या लढाईवर. अपवाद एका आजोबांचा. ते नर्मदाकाठी रावेरखेडीला समाधी बघून आले, आणि परतल्यावर शिरूर तालुक्यात पाबळला मस्तानीच्या कबरीशीही गेले. लिहितात: "दोघांत एवढं अंतर. चाळीस वर्षांचा होता तो गेला तेव्हा." वय चाळीस भरलं नव्हतं: 18 ऑगस्ट 1700 ते 28 एप्रिल 1740. सरांना हे कार्ड दाखवलं तर ते दुरुस्ती करतील. दाखवणार नाही.

दुसरा वाद अधिक गंभीर. एका सदस्यांनी सुचवलं की *शहेनशहा* दर्शनी ठेवू नये. "निवडणुकीचं वातावरण आहे, औरंगजेबाचं चित्र असलेलं पुस्तक कुणी पाहिलं तर उगाच काहीतरी होईल." मी म्हटलं, ज्या माणसानं आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं मराठ्यांना संपवायला दख्खनेत घालवली आणि अखेर 1707 मध्ये नगरजवळ भिंगारला मेला, दिल्ली पुन्हा न बघता, त्याची कथा मराठी वाचकानं नाही वाचायची तर कुणी? शिवाय या कादंबरीवर आलेल्या कार्डांपैकी एकातही त्याची भलामण नाही. एक मात्र लक्षात राहण्यासारखं आहे: "शत्रू आतून किती एकटा होता ते कळलं. त्यामुळं आपली लढाई लहान होत नाही." लिहिणारा निवृत्त सुभेदार.

मतं पडली नाहीत, कारण ताईंनी आठवण करून दिली की *शहेनशहा* अजून बाइंडर काकांकडेच आहे. विषय पुढे ढकलला. मला हे पटलेलं नाही, म्हणून इथं लिहून ठेवते.

18 नोव्हेंबर

पुस्तकं आली. *झुंज*ला गडद निळं कापड, *मंत्रावेगळा*ला करडं. पाठीवर नावं काकांच्या भाच्यानं सोनेरी अक्षरात दाबली. *झेप*ची गायब पानं दुसऱ्या वाचनालयाच्या प्रतीवरून झेरॉक्स काढून त्याच मापात कापून शिवली आहेत. कागदाचा रंग वेगळा दिसतो, दिसू दे. टेपचे पट्टे आहेत तसेच.

समासातल्या भांडणाचं पान उघडं राहावं म्हणून दोन्ही बाजूंना पारदर्शक पट्टी लावली. खोलीत ओल आहे, कपाटात कडुनिंबाचा पाला आणि डांबरगोळ्या दोन्ही टाकल्या.

24 नोव्हेंबर

कालचा निकालाचा धुरळा सकाळी अकरापर्यंत रस्त्यावर होता. आम्ही साडेअकराला सुरू केलं.

ठरवल्याप्रमाणे भाषण नाही. ज्यांनी कार्डं भरली त्यांनी आपापल्या पुस्तकाशेजारी उभं राहून दोन मिनिटं बोलायचं. ट्रकवाला सभासद आला, इस्त्रीचा शर्ट घालून. त्यानं नकाशा आणला होता, आणि दोनाची दहा मिनिटं झाली तरी कुणी थांबवलं नाही. वाफगावचा मुलगा बहिणीला घेऊन आला. *शिकस्त*चं कार्ड ताईंनी वाचून दाखवलं. बाई मागच्या बाकावर बसल्या होत्या, मैत्रिणीशी बोलत.

*मंत्रावेगळा*च्या पानाशी जे व्हायचं तेच झालं. गर्दी जमली आणि वाद पेटला. एक जण म्हणाला, ज्यानं वसईला सही केली त्याला नायक कसं करता? दुसरा म्हणाला, नायक कुठं केलाय, माणूस केलाय. तिसऱ्यानं शिंदे-होळकरांवर घसरायला सुरुवात केली. सर कोपऱ्यात खुर्चीवर होते. तारखा चुकल्या की तेवढ्या दुरुस्त करत होते, मताला हात लावत नव्हते. निळ्या शाईचं अक्षर आपलंच आहे असं सांगणारे दोघे निघाले. दोघांनीही लिहून दाखवलं. दोघांचंही जुळलं नाही.

गुलालानं माखलेली चार-पाच पोरं आत डोकावली. एकाला *झेप* हातात घ्यायची होती. ताईंनी आधी नळावर पाठवलं. तो खरंच हात धुऊन आला, आणि नव्या बांधणीतली *झेप* पहिल्यांदा त्याच्याच नावावर गेली. सभासद नव्हता. जागेवर अर्ज भरून घेतला.

एक गोष्ट जमली नाही. लहान मुलांसाठी काही ठेवायला हवं होतं. ती आली, फोटो काढून गेली.

1 डिसेंबर

हिशेब पूर्ण. बाइंडिंगचा खर्च अंदाजापेक्षा जास्त झाला, कारण सुट्ट्या पानांचं काम धरलं नव्हतं. एका सभासदानं नाव न सांगण्याच्या अटीवर फरक भरला.

पुढची कामं:

कार्डं फाइलला लावायची, आणि नवी कार्डं काउंटरवर कायम ठेवायची. प्रश्न तोच.

समासात लिहू नये ही पाटी तशीच राहील. पण मागच्या कव्हराच्या आत चार कोरी पानं शिवून देता येतील का, हे काकांना विचारलं. ज्याला भांडायचं त्यानं तिथं भांडावं. काका म्हणतात येतील, पुढच्या खेपेपासून.

*झुंज* आणि *झेप* यांच्या आणखी एकेक प्रती विकत घ्यायच्या. दोन्हींना आता नावं लागून राहिली आहेत.

*शहेनशहा*वरची बैठक झाली. मतं घेतली, ती बाकीच्या पुस्तकांच्या ओळीतच राहणार. पण प्रत अजून काकांकडेच. परवा विचारायला गेले तर म्हणाले, शेवटचा फॉर्मा राहिलाय. शिवायचा की वाचायचा, ते सांगत नाहीत. वहीत सध्या "दुरुस्तीस" असा शेरा आहे.